तीन पॅरिश, एक पाळक: आमच्या उपनगरातील रिक्त पदाबद्दल सल्ला हवा आहे

दूरदेशी:

सर्वांना नमस्कार. मी मूळची पुण्याची. माझे बालपण पंचहौद मिशनच्या आवारात, पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यातील घंटा ऐकत गेले. गेली २२ वर्षे मी लंडनच्या बाहेरच्या पट्ट्यातील एका उपनगरात राहते आणि चार वर्षांपासून आमच्या अँग्लिकन पॅरिशची, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाची, चर्चवॉर्डन (निवडून आलेली कारभारी) आहे. येथे मराठी ख्रिस्ती मंडळींपैकी काही जण आहेत, शिवाय संस्थांचा कारभार आतून पाहिलेले इतरही अनेक जण आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्यासमोर मांडते आहे.

आमच्या भागातील तीन पॅरिश काही वर्षांपूर्वी एका पाळकपदाखाली आणण्यात आल्या. तिघींच्या पीसीसी, म्हणजे निवडून आलेल्या पॅरिश समित्या, अजून वेगळ्या आहेत आणि हिशेबही वेगळे आहेत. व्हिकर, म्हणजे पदावरचा पाळक, मात्र एकच. ते वयाच्या ७० व्या वर्षी निवृत्त झाले, कारण १९७५ च्या कायद्याने इंग्लंडच्या चर्चमधील पाळकांना ही वयोमर्यादा घातली आहे. त्या गोष्टीला आता अकरा महिने होत आले आणि पद रिकामेच आहे.

तीन चर्चचे स्वभाव वेगळे आहेत, हे आधी सांगायला हवे. पहिले चर्च मूळच्या खेड्याचे. चकमकीच्या दगडाच्या भिंती, भोवती जुनी दफनभूमी, आणि दर रविवारी सकाळी आठ वाजता १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे होणारा प्रभुभोजनाचा विधी, ज्याला सात-आठ माणसे नेमाने येतात. रेल्वे आली, शेतांवर घरे झाली, तेव्हा १९३० च्या दशकात दुसरे चर्च विटांमध्ये बांधले गेले. तेथे धूप, झगे आणि गायनवृंद यांची परंपरा आहे. तिसरे १९६० च्या दशकातील, नगरपालिकेच्या वसाहतीतील सभागृहवजा चर्च. तेथे गिटार आहे, पडद्यावर गीते उमटतात, आणि उपासनेला येणारी बहुतेक कुटुंबे नायजेरिया, घाना, जमैका आणि केरळ येथून आलेली आहेत. आमचे निवृत्त व्हिकर रविवारी तिन्ही ठिकाणी जात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चर्चच्या मधल्या वीस मिनिटांत, गाडीत बसून, झग्यावर रुमाल पसरून ते सँडविच खात. मी ते कित्येकदा पाहिले आणि एकदाही त्याबद्दल समितीत बोलले नाही, याची आज खंत वाटते.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पद रिकामे झाले की १९८६ चा पेट्रनेज कायदा लागू होतो. पीसीसीला सूचना मिळाल्यापासून चार आठवड्यांच्या आत सभा घ्यावी लागते, आणि त्या सभेत पद सोडणारा पाळक, त्याची पत्नी किंवा तिचा पती, तसेच पेट्रन यांना बसता येत नाही. त्या सभेत पॅरिशची स्थिती, गरजा आणि परंपरा सांगणारे लेखी निवेदन तयार करायचे असते आणि सामान्य सभासदांमधून प्रतिनिधी नेमायचे असतात. पाळकाचे नाव पेट्रन सुचवतो. पण बिशप आणि हे प्रतिनिधी यांची संमती मिळाल्याशिवाय कोणालाही पद देऊ करता येत नाही. म्हणजे आमच्यासारख्या साध्या माणसांच्या हातात नकाराचा खरा अधिकार आहे, आणि ही जबाबदारी मला फार मोठी वाटते.

आमची पहिली फेरी वाया गेली. आम्ही ३४ पानांचे निवेदन केले, उन्हाळी जत्रेची रंगीत छायाचित्रे घातली, चर्च टाइम्समध्ये आणि इंग्लंडच्या चर्चच्या ऑनलाइन भरती व्यवस्थेवर जाहिरात दिली. मुदतीत एकच अर्ज आला आणि तोही मुलाखतीपूर्वी मागे घेतला गेला. त्यानंतर बिशपच्या वतीने कारभार पाहणाऱ्या आमच्या आर्चडीकननी तिन्ही समित्यांना एकत्र बसवले आणि शांतपणे विचारले, "हे सगळे वाचून मला तुमची अपेक्षा कळली, येथे राहायला येणाऱ्या माणसाला तुमची ओळख कोठे होणार?" सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही.

मी घरी येऊन ते निवेदन पुन्हा वाचले. पान ९ वर आम्हाला उत्साही, तरुण कुटुंबांना जोडणारा पाळक हवा होता. पान १४ वर जुन्या उपासनेत कोणताही बदल न करणारा. पान २२ वर छपराच्या दुरुस्तीसाठी निधी उभारण्याचा अनुभव असलेला. छपराला किती खर्च येणार आणि आमच्याकडे किती शिल्लक आहे, हे कोठेही नव्हते. तिन्ही पॅरिशनी आपापला मजकूर लिहिला आणि कोणीतरी तो एकाखाली एक जोडला, एवढेच झाले होते.

आता दुसरी फेरी करायची आहे. माझे मत असे झाले आहे की निवेदन खरे लिहिले पाहिजे, भांडणे आणि पैसे यांसकट, आणि ते लिहिण्यापूर्वी आम्ही तिघांनी आपसात काही गोष्टी ठरवल्या पाहिजेत. पण आमच्यातील बरेच जण म्हणतात की असे लिहिले तर कोणीच येणार नाही. आपला अनुभव काय सांगतो?


नगरी:

दूरदेशीताई, मी अहिल्यानगरची, उत्तर भारतीय मंडळीतील (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एका पाळकाची मुलगी. आपला धागा वाचून प्रथम आश्चर्य वाटले. आमच्याकडे निवेदन, जाहिरात, मुलाखत असे काही मी पाहिले नाही. बिशपसाहेबांचे बदलीचे पत्र येई, पप्पा ते जेवणाच्या टेबलावर ठेवत, आणि मम्मी काही न बोलता ट्रंका काढायला लागे. पंधरवड्यात ट्रक दारात उभा राही. दोन लोखंडी कपाटे, पुस्तकांची खोकी आणि शिवणयंत्र. नव्या गावी मंडळी हार घेऊन उभी असे आणि त्यांच्यापैकी एकालाही आम्ही ओळखत नसू.

या पद्धतीत तोटे आहेत, हे मी मुलगी म्हणून भोगले आहे. दहावीच्या वर्षात शाळा बदलली. पण मंडळी वर्षभर पाळकाविना राहिली, असे मात्र कधी झाले नाही. आपल्याकडेही बिशपने सरळ कोणाला तरी का पाठवू नये? मेंढरे मेंढपाळाची मुलाखत घेतात, ही कल्पनाच मला अजून पचत नाही. राग मानू नये.


दूरदेशी:

नगरीताई, राग कसला? आपल्या ट्रकचे वर्णन वाचून डोळे भरून आले, कारण आमच्या आवारात मी तसे ट्रक येताना पाहिले आहेत.

बिशपला येथेही मार्ग आहे. २०११ च्या कायद्याप्रमाणे बिशप पेट्रनचा नाव सुचवण्याचा हक्क पाच वर्षांपर्यंत स्थगित करू शकतात, आणि मग पूर्ण पदाधिकारी व्हिकर न नेमता प्रभारी पाळक नेमला जातो. पॅरिशची फेररचना होणार असेल तेव्हा हे बहुधा केले जाते. आमच्याकडेही तशी कुजबुज होती. पण मला वाटते, पाठवलेला पाळक आणि निवडलेला पाळक यांच्याकडे मंडळी वेगळ्या नजरेने पाहते. पाठवलेला चुकला तर "बिशपने आमच्या गळ्यात मारला" असे म्हणायला सगळे मोकळे असतात. निवडीत आपली सही असेल तर त्याच्या अडचणीत आपण उभे राहतो, निदान राहायला हवे.

शिवाय येथे पाळकांचीच संख्या कमी आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये सुमारे साडेबारा हजार पॅरिश आणि सुमारे १६ हजार चर्च इमारती आहेत, आणि पगारी पाळक या इमारतींच्या निम्म्यानेही नाहीत. बिशपच्या हाताशी पाठवण्यासाठी कोणी राखीव बसलेला नसतो. जो येईल तो दुसरीकडची मंडळी सोडून, तीन महिन्यांची सूचना देऊन, घर बदलून येणार. त्यामुळे पाळकच आमची पारख करतो, असे म्हणणे अधिक खरे होईल.


वाचनवेडा:

मी ख्रिस्ती नाही, तरी उत्सुकतेने वाचतो आहे. हा पेट्रन म्हणजे नेमका कोण? आपल्याकडच्या वतनदारासारखा प्रकार वाटतो. पंढरपूरला बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने संपवले. पण प्रकरण न्यायालयात चालत राहिले आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतरच त्याचा शेवट झाला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी जाहिरात देऊन सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांना अर्ज करायला सांगितले, तेव्हा महाराष्ट्रात केवढी चर्चा झाली होती. म्हणजे विठ्ठलाच्या पुजाऱ्यालाही मुलाखत द्यावी लागली. नगरीताईंना जे पचत नाही ते आमच्याकडेही अनेकांना पचले नव्हते.


दूरदेशी:

वाचनवेडा, आपली तुलना बरीच जवळची आहे. ज्याने चर्च बांधले किंवा जमीन दिली त्याला पाळक सुचवण्याचा हक्क मिळत असे, आणि हा हक्क मालमत्तेसारखा विकला जाई, वारशाने जाई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजचे चार्ल्स सिमियन यांनी असे हक्क मिळवून ते विश्वस्त मंडळाकडे दिले, जेणेकरून तेथे शुभवर्तमानाला वाहिलेले पाळक यावेत. ते विश्वस्त मंडळ आजही पेट्रन आहे. आता हा हक्क विकता येत नाही, १९८६ च्या कायद्यात तशी स्पष्ट बंदी आहे. आज पेट्रन कोणीही असू शकतो: बिशप, राजसत्ता, एखादे कॅथीड्रल, ऑक्सफर्ड-केंब्रिजचे कॉलेज, एखादी संस्था किंवा जुन्या घराण्यातील व्यक्ती. आमच्या तीन पॅरिश एकत्र आल्यापासून हक्क आळीपाळीने वापरला जातो आणि या खेपेला एका कॉलेजची पाळी आहे. त्यांचे प्रतिनिधी रेल्वेने आले, तिन्ही चर्च पायी फिरले आणि आमच्यापैकी कोणालाही न दुखावता नेमके प्रश्न विचारून गेले. बाहेरचा, पण आपले हित पाहणारा डोळा असावा, असे मला त्या दिवशी पटले. ठरलेल्या मुदतीत नेमणूक झाली नाही तर हा हक्क आर्चबिशपकडे जातो, म्हणून त्यांनाही घाई आहेच.


लेस्टरवासी:

ताई, मी मिडलंड्समधील एका उपनगरी पॅरिशचा प्रतिनिधी म्हणून दोन वेळा या प्रक्रियेतून गेलो आहे, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

आपले मत शंभर टक्के बरोबर आहे. खरे लिहा. ज्याला यायचे आहे तो पाळक आपले निवेदन वाचण्यापूर्वीच आपल्या वार्षिक हिशेबाचे कागद पाहतो, डायोसिसला, म्हणजे बिशपच्या प्रांताला, द्यायचा वार्षिक वाटा (पॅरिश शेअर) पूर्ण भरला जातो की नाही ते तपासतो, आणि बहुधा एखाद्या रविवारी साध्या कपड्यांत येऊन शेवटच्या बाकावर बसून जातो. त्याला जे आधीच कळणार आहे ते आपण लपवले, तर त्याच्या मनात पहिली गोष्ट उतरते ती ही की ही मंडळी पैशाबद्दल खरे बोलत नाही.

आम्ही निवेदन १२ पानांवर आणले. त्यात वर्षभरात किती बाप्तिस्मे, किती लग्ने आणि किती अंत्यविधी झाले ते लिहिले. पाळकाचा एक साधा आठवडा कसा जाईल ते लिहिले: चर्चशाळेतील सकाळची प्रार्थनासभा, शाळेच्या व्यवस्थापनाची बैठक, वृद्धाश्रमातील प्रभुभोजन, स्मशानभूमीतील दुपार. सुट्टीचा दिवस कोणता आणि त्या दिवशी फोन कोण घेईल, तेही नाव न घालता पण पद घालून लिहिले. कार्यालयीन काम कोण करते, याचे उत्तर पहिल्या खेपेस आमच्याकडे "सगळे मिळून" असे होते. म्हणजे प्रत्यक्षात पाळकच करत होता. ते बदलून आम्ही आठवड्यातील काही तासांसाठी पगारी मदतनीस नेमली आणि मगच जाहिरात दिली.

घराबद्दल दोन पाने द्या. राहण्याचे घर पदाबरोबर मिळते, म्हणून ते घर म्हणजे त्या कुटुंबाचे सगळे जग. स्वयंपाकघराचे छायाचित्र द्या. अभ्यासिकेत येणाऱ्या माणसाला घरातून जावे लागते की बाहेरून दार आहे, हे सांगा. जवळच्या शाळा, बस, दवाखाना, आणि पाळकाच्या जोडीदाराला नोकरीसाठी कोठे जाता येईल, हेही सांगा. आमच्याकडे चांगली उमेदवार केवळ यासाठी मागे फिरली होती की तिच्या पतीला कामावर पोचायला दीड तास लागला असता आणि आम्ही ही गोष्ट विचारातच घेतली नव्हती.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवा पाळक आल्यावर आम्ही काय थांबवायला तयार आहोत, याचा एक परिच्छेद घाला. तीन मंडळ्यांच्या तीन जत्रा, तीन वार्षिक भोजने, तीन समित्यांच्या महिन्याला तीन बैठका, हे सगळे तसेच ठेवून एक माणूस मागणे अन्यायाचे आहे. आपले निवृत्त व्हिकर गाडीत सँडविच खात होते, हे वाचून मला आमचेच व्हिकर आठवले. त्यांना शेवटी हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले, पण परत पदावर आले नाहीत.


मेणबत्ती:

एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही म्हणून विचारते. स्त्री पाळक चालेल का, हे तीन मंडळ्यांनी ठरवले आहे का? आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या, आपल्यासारखे उच्चार असणाऱ्या उमेदवाराला खरोखर समान संधी मिळेल का? तिसऱ्या चर्चमधील कुटुंबांपैकी निवड समितीत कोणी आहे का?

मला या संदर्भात नेहमी पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्येच, वाँटेज येथे, अँग्लिकन चर्चमध्ये झाला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली होती. रमाबाईंनी ती निमूटपणे मान्य केली नाही. माझ्या विवेकाचा निर्णय दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही, या भूमिकेवर त्या ठाम राहिल्या. त्याच चर्चमध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळायला १२ मार्च १९९४ उजाडावा लागला, ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये ३२ जणींना.


दूरदेशी:

मेणबत्ती, आपण ज्या दोन ठिकाणी बोट ठेवले, तेथेच आमचे खरे दुखणे होते, आणि पहिल्या निवेदनात आम्ही तेच गाळले होते.

२०१४ च्या बिशपांच्या घोषणापत्राप्रमाणे एखाद्या पीसीसीला धर्मशास्त्रीय मतभेदामुळे पुरुष पाळकच हवा असेल, तर तसा ठराव करता येतो, आणि ज्यांना स्त्रियांची दीक्षा मान्य नाही त्यांनाही चर्चमध्ये मानाची जागा आहे, असे ते घोषणापत्र सांगते. आमच्या दुसऱ्या पॅरिशमध्ये हा ठराव अनेक वर्षे "करू या, बघू या" या अवस्थेत होता. या खेपेला त्यांनी रीतसर सभा घेतली. तीन तास चालली. ठराव संमत झाला नाही. दोन कुटुंबांना फार दुःख झाले आणि त्यांपैकी एक आता दुसरीकडे जाते. मी त्यांच्या घरी जाऊन बसले होते. त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा कमी नाही, आणि त्यांना मागासलेले म्हणणारी माणसे त्यांना ओळखत नाहीत. तरीही निर्णय झाला हे चांगले झाले. अर्ज करणाऱ्या स्त्रीला मुलाखतीच्या दिवशी ही गोष्ट कळणे फार क्रूर झाले असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मला संकोच वाटतो, पण देते. पहिल्या फेरीत प्रतिनिधींमध्ये तिसऱ्या चर्चमधून एक जण होता आणि तो गोरा होता, कारण समितीच्या बैठकांना वेळेवर येणारा तोच होता. वसाहतीतील बाकीची माणसे रात्रपाळी करतात. बैठक संध्याकाळी साडेसातला ठेवली की त्यांना येताच येत नाही. वंशभेदाविषयीचा जो अहवाल आर्चबिशपांच्या कृतिगटाने एप्रिल २०२१ मध्ये दिला, त्याची आमच्या तिन्ही समित्यांत चर्चा झाली होती, माना हलवल्या गेल्या होत्या, आणि बैठकीची वेळ मात्र बदलली नव्हती. आता ती शनिवारी सकाळी ठेवली आहे. तिसऱ्या पॅरिशच्या प्रतिनिधी आता रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक घानाच्या भगिनी आहेत, आणि निवेदन वाचून सर्वांत नेमके प्रश्न त्यांनीच विचारले.

भारतात दीक्षा घेतलेल्या पाळकाबद्दल काही जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले, त्यांच्यासाठी: उत्तर भारतीय मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून झाली, त्यांत भारतातील अँग्लिकन मंडळीही होती, आणि इंग्लंडच्या चर्चशी तिचे पूर्ण सहभागितेचे नाते आहे. तरी तेथील पाळकाला येथे सेवा करण्यासाठी १९६७ च्या कायद्याप्रमाणे आर्चबिशपांची परवानगी घ्यावी लागते, शिवाय व्हिसाचे काम वेगळे. अशक्य नाही, पण वेळ लागतो.


कारभारी:

मधल्या काळात उपासना कोण चालवते? आणि कोणाचे निधन झाले तर?


दूरदेशी:

कारभारी, रिक्त काळात वॉर्डन आणि एरिया डीन (भागातील पाळकांचे प्रमुख) यांच्याकडे व्यवस्थेची जबाबदारी असते. रविवारच्या प्रभुभोजनासाठी बिशपची अनुमती असलेले निवृत्त पाळक येतात. रीडर म्हणून अधिकृत केलेले सामान्य सभासद सकाळची प्रार्थना चालवू शकतात, उपदेश करू शकतात, प्रभुभोजनाचा विधी मात्र करू शकत नाहीत. महिन्याचा तक्ता मी करते. आमच्याकडे येणारे एक पाळक ८१ वर्षांचे आहेत. व्यासपीठाच्या पाच पायऱ्या चढण्यापूर्वी ते कठड्यावर हात ठेवून क्षणभर थांबतात, आणि पहिल्या बाकावरील सगळे श्वास रोखून बसतात.

अंत्यविधीचे फोन अंत्यसंस्कार करणाऱ्यांकडून येतात. मागच्या जानेवारीत एका आठवड्यात चार आले. चौथ्यासाठी कोणीच मिळेना. अखेर शेजारच्या पॅरिशच्या व्हिकरनी आपली सुट्टी सोडून तो केला. रिकाम्या पदाचा भार आपण उचलतो असे आम्ही वॉर्डन म्हणतो, पण त्यातील बराच भार शेजारच्या दमलेल्या माणसांवर पडतो, हे मला त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून समजले.


दूरदेशी (चार महिन्यांनी):

या धाग्यावर ज्यांनी मनापासून लिहिले त्यांना पुढचे सांगणे माझे कर्तव्य आहे.

लेस्टरवासी यांचा प्रतिसाद मी त्यांच्या अनुमतीने छापून तिन्ही समित्यांना वाटला. त्यानंतर तीन शनिवार आम्ही एकत्र बसलो. नवे निवेदन १४ पानांचे झाले आणि त्याचे पहिले वाक्य असे ठेवले: "आम्ही एका पाळकपदाखालील तीन मंडळ्या आहोत आणि अजून एकमेकांना नीट ओळखत नाही." या वाक्यावर दोन शनिवार गेले. छपराच्या खर्चाचा अंदाज आणि शिल्लक रक्कम शेजारी शेजारी छापली. पॅरिश शेअर एका पॅरिशने दोन वर्षे अपुरा भरला होता, ते लिहिले. व्हिकरने रविवारी दोनपेक्षा अधिक चर्चमध्ये जाऊ नये आणि तिसऱ्या ठिकाणी रीडरनी उपासना चालवावी, हे तिन्ही समित्यांनी ठरावाने मान्य केले. जत्रा एकच होईल. कार्यालयासाठी आठवड्यातील १५ तास पगारी मदतनीस ठेवली आहे.

या खेपेला एकाहून अधिक अर्ज आले. उमेदवारांबद्दल मी काहीही लिहिणार नाही, कारण ती गुप्तता आम्ही प्रतिनिधींनी पाळायची असते, आणि निवड न झालेला प्रत्येक जण उद्या आपल्या मंडळीसमोर पुन्हा उभा राहणार असतो. नगरीताईंचा आक्षेप मनात ठेवून आम्ही दिवसाचा क्रम मात्र बदलला. पूर्वी संध्याकाळी सगळ्या उमेदवारांना एकाच खोलीत चहाला बोलावून पन्नास माणसे त्यांना निरखत. ते बंद केले. प्रत्येकाला एका प्रतिनिधीबरोबर तिन्ही चर्च चालत दाखवली, वाटेत पाऊस लागला, आणि वसाहतीतील सभागृहात सर्वांनी एकत्र सूप घेतले.

नेमणूक झाली आहे. ज्या येणार आहेत त्यांच्या परवानगीने एकच प्रसंग सांगते. पहिल्या चर्चमध्ये त्यांनी उपासनेची नोंदवही पाहायला मागितली. त्यात प्रत्येक विधीची उपस्थिती आणि पाळकाची सही असते. त्या बराच वेळ पाने उलटत राहिल्या. निवृत्त व्हिकरांची सही शेवटच्या दोन वर्षांत कशी लहान आणि वाकडी होत गेली होती, ते आमच्यापैकी कोणी कधी पाहिले नव्हते. त्यांनी ते पाहिले. मग वही मिटून त्यांनी मला विचारले, "आता येथे सर्वांत जास्त दमलेले कोण आहे?" मी आमच्या ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचे नाव सांगितले, आणि मग माझ्या लक्षात आले की मी स्वतःही रडते आहे.

संमतीपत्रावर आम्ही सर्व प्रतिनिधींनी एकाच दिवशी सह्या केल्या. बातमी त्यांच्या सध्याच्या पॅरिशमध्ये आणि आमच्या तिन्ही चर्चमध्ये एकाच रविवारी वाचली गेली.


नगरी:

ताई, अभिनंदन. मेंढरांबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेते. मुलाखत वाईट नसते. ती कशी घेतो त्यावर आहे. पप्पांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ते ८४ वर्षांचे आहेत. नोंदवहीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. आपल्याकडे पदग्रहणाचा विधी कसा असतो, असे ते विचारत आहेत.


दूरदेशी:

नगरीताई, पप्पांना माझा नमस्कार सांगा.

विधी दोन भागांत होतो. बिशप नव्या व्हिकरना मंडळीची काळजी सोपवतात, आणि ही काळजी तुमची आणि माझीही आहे, असे म्हणून सोपवतात. नंतर आर्चडीकन त्यांचा हात धरून चर्चच्या दाराच्या किल्लीवर किंवा कडीवर ठेवतात आणि त्या स्वतः घंटा वाजवतात. जितके टोले तितकी वर्षे पाळक राहणार, असे लोक मानतात, म्हणून सगळे मोजत बसतात. तीन चर्च असल्याने विधी कोठे करावा यावर पुन्हा वाद होईल असे वाटले होते. पहिल्या पॅरिशच्या सर्वांत वयस्कर सभासदांनी स्वतःच सुचवले की तो वसाहतीतील चर्चमध्ये व्हावा, कारण तेथे चाकाची खुर्ची नेता येते. तेथे मनोरा नाही, म्हणून हातात धरायची घंटा पहिल्या चर्चमधून नेणार आहोत.

रविवारच्या साडेनऊच्या उपासनेची वेळ बदलावी की नाही, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. नाताळआधीच्या आगमनकाळापर्यंत नवी वेळ वापरून पाहायची आणि मग पुन्हा बसायचे, एवढे ठरले आहे. व्हिकरचे घर गेल्या शनिवारी आम्ही तिन्ही पॅरिशच्या माणसांनी मिळून धुतले आणि मागच्या अंगणातील काटेरी झुडपे काढली. तिन्ही चर्चच्या किल्ल्यांचे जुडगे एकाच खिळ्याला अडकवले होते. परिचारिका भगिनींनी त्या प्रत्येक किल्लीला कापडी पट्टी बांधून कोणती कोठली ते लिहिले, आणि तिसऱ्या चर्चचा हीटर लावताना बटण दाबून वीस आकडे मोजावे लागतात, हे एका कागदावर लिहून तो स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून चिकटवला.